आडरानात गाडी मोडली तर: बॅटरीवरचे वेल्डिंग समजून घेताना

नागपुरात लोखंड जोडून घेणे काही कठीण नाही. वाडीला जा, कापसीला जा, कामठी रोडला उभे राहा; शंभर पावलांत कोणीतरी काळी काच तोंडासमोर धरून उकिडवा बसलेला दिसतोच. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा आणि हजिरा ते पारादीप जाणारा ५३ क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. ट्रकच्या दुरुस्तीवर या शहरातल्या कितीतरी घरच्या चुली पेटतात.

खरी पंचाईत शहर मागे पडल्यावर होते. समजा, आलापल्ली सोडून भामरागडकडे निघालात. पावसाळा आहे, पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहते आहे, तुमच्या मागेपुढे आणखी दोन गाड्या अडकल्या आहेत. आणि नेमका तेव्हाच सायलेन्सर ज्या पट्टीवर लटकतो ती पट्टी तुटून खाली लोंबू लागली. मोबाइलला रेंज नाही, वेल्डिंग मशीन नाही, ते चालवायला वीज नाही. आहेत त्या तीन गाड्यांच्या तीन बॅटऱ्या.

या तीन बॅटऱ्यांवर वेल्डिंग होते, हे बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. कोणी लष्करातल्या काकांकडून, कोणी ट्रक ड्रायव्हरकडून, कोणी मोबाइलवरच्या व्हिडिओतून. वाडीत चेसिसचेच काम करणारे एक मिस्त्रीकाका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना विचारले तर म्हणाले, "टाका बसते ना भाऊ, काऊन नाई बसणार? पण टाका माराचा का नाई, हे आधी पाहा लागते." या लेखाचा महत्त्वाचा भाग त्यांच्या दुसऱ्या वाक्यावर आहे. पण आधी पहिले वाक्य समजून घेऊ, कारण टाका का बसतो हे कळल्याशिवाय तो कुठे बसवू नये हेही नीट कळत नाही.

लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे म्हणजे दोघांच्याही कडा वितळवायच्या आणि त्या रसात वेल्डिंग रॉडचा रस मिसळून थंड होऊ द्यायचा. त्यासाठी साधारण १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. चुलीचे, स्टोव्हचे हे काम नाही. रॉडचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले की मधल्या फटीतली हवा आणि वाफ इतकी तापते की तिच्यातूनच वीज वाहू लागते. ही विजेची ज्योत म्हणजे आर्क. तिच्या गाभ्यात काही हजार अंश तापमान असते, म्हणून लोखंड क्षणात पाणी होते.

गंमत अशी की आर्क वेल्डिंग आणि बॅटरी यांचे नाते अगदी जन्मापासूनचे आहे. १८८१ साली फ्रान्समध्ये ओग्युस्त द मेरितां यांनी विजेच्या आर्कने शिशाच्या पट्ट्या जोडल्या, त्या बॅटरीच्याच पट्ट्या होत्या. त्याच सुमारास निकोलाय बेनार्डोस यांनी कार्बनच्या कांडीने लोखंड जोडण्याची पद्धत बसवली, आणि तेव्हाचे डायनॅमो पुरे पडत नसल्याने ते बॅटऱ्यांच्या रांगेतूनच वीज घेत. म्हणजे जंगलात तीन बॅटऱ्या मांडून बसलेला माणूस जुगाड करत नसतो, मूळ पद्धतीकडे परत गेलेला असतो.

आता आकडे. गाडीला सेल्फ मारताना बॅटरी काही क्षण दोन-तीनशे अँपिअर सहज देते. बारा नंबरच्या रॉडला, म्हणजे २.५ मिलिमीटर जाडीच्या, ६० ते ९० अँपिअर पुरतात. दहा नंबरला, म्हणजे ३.१५ मिलिमीटरला, ९० ते १३० लागतात. (नंबर वाढला की रॉड बारीक होतो, हे नवख्याला नेहमी उलटे वाटते.) तेव्हा करंटची चणचण नाही. चणचण आहे व्होल्टची. पेटलेली आर्क टिकायला २० ते २५ व्होल्ट लागतात आणि एका बॅटरीत आहेत १२. एकाच बॅटरीवर रॉड टेकवला तर ठिणगी उडते, रॉड चिकटतो, आणि लाल होऊन बसतो. आर्क काही पेटत नाही.

म्हणून बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडायच्या: पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला, दुसरीचा प्लस तिसरीच्या मायनसला. रांगेच्या एका टोकाची केबल रॉडला, दुसऱ्या टोकाची चिमट्याने गाडीच्या लोखंडाला; ही दुसरी म्हणजे अर्थ. पूर्ण भरलेली बॅटरी १२ नव्हे, साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते. दोन मिळून २५, तीन मिळून साडेसदतीस. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या आधीच अशा जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ट्रॅक्टर आणि जीपमध्ये एकच असते.

मग दोन पुरे की तीन हव्यात? इथे थोडे गणित करू, कारण बॅटरीवरच्या वेल्डिंगचा सगळा स्वभाव त्यात आहे.

वायर, चिमटे आणि बॅटरीचे पोट, सगळ्यांचा मिळून थोडासा विरोध असतो. तो ०.०५ ओहम धरा. दोन बॅटऱ्यांचे २५ व्होल्ट, त्यातले २२ आर्कने खाल्ले, उरले ३. तीन भागिले ०.०५, म्हणजे ६० अँपिअर. कागदावर झकास. पण हात जरा थरथरला, आर्क केसभर लांबली आणि तिला एक व्होल्ट जास्त लागला, तर उरतात दोनच व्होल्ट आणि करंट थेट ४० वर येतो. आणखी लांबली की विझली. जवळ गेली की रॉड चिकटला. दोन बॅटऱ्यांवर टाका मारणारा माणूस सारखा शिव्या का घालत असतो, त्याचे कारण हे.

तीन बॅटऱ्या घ्या. साडेसदतीसातून २२ गेले, उरले साडेपंधरा. विरोध तोच ०.०५ असेल तर करंट होतो ३१० अँपिअर! बारीक रॉड उदबत्तीसारखा जळून जाईल, पातळ पत्र्याला भोक पडेल. पण लांब केबल वापरून विरोध ०.१५ ओहमपर्यंत नेला, तर करंट शंभराच्या आसपास येतो. आणि हात हलून एका व्होल्टचा फरक पडला तरी करंट फक्त सहा-सात अँपिअरने बदलतो. आर्क शांत जळते. म्हणजे एरवी जी लांब, जराशी कमी जाडीची जंपर केबल आपण नावे ठेवून बाजूला टाकतो, तीच इथे कामी येते. ती तापणार मात्र. हाताला चटका बसेल इतकी तापली तर थांबायचे. अगदी हलक्या दर्जाच्या, आत नावापुरते तांबे असलेल्या केबलचे आवरण वितळून आतल्या तारा उघड्या पडतात, तिच्या वाटेला जाऊच नये.

दुकानातले वेल्डिंग मशीन हेच काम मुद्दाम करते. रॉड पेटायच्या आधी ते ५० ते ८० व्होल्ट दाखवते, आणि रॉड चिकटला तरी ठरवून दिलेल्या करंटच्या फारसे पुढे जात नाही. बॅटरीला असा लगाम नसतो. तिला कोणी टेकले की ती असेल-नसेल ते सगळे देऊन टाकते. तिचा उपयोग या दानशूरपणात आहे, आणि धोकाही त्यातच.

आधी एक हिशेब. १०० अँपिअरने एक रॉड जळायला मिनिटभर लागतो; म्हणजे बॅटरीतून दीड-पावणेदोन अँपिअर-अवर जातात. त्या मिनिटाला आर्कमध्ये दोन हजार वॉटच्या वर शक्ती जळते, न्हाणीघरातल्या गिझरइतकी. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून कागदोपत्री साठेक रॉड निघायला हवेत, पण एवढ्या वेगाने उपसा केला की बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही, आणि आतून तापते. शिवाय काम झाल्यावर त्याच बॅटरीवर गाडी सुरू करायची असते. चार-पाच रॉड, मध्ये दहा मिनिटे विसावा, एवढ्यात भागत नसेल तर काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. जोडलेल्या तिन्हींत एक बॅटरी जुनी, मरतुकडी असेल तर बाकीच्या दोघी तिच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतात आणि सगळ्यात जास्त मार तीच खाते. म्हणून वयाने आणि आकाराने सारख्या बॅटऱ्या घ्याव्यात. लिथियमची बॅटरी यात अजिबात नको.

बॅटरी फुटते कशी? चार्ज होताना तिच्यात हायड्रोजन तयार होतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी एक ठिणगी पुरते. पाच तास पळून आत्ता थांबलेल्या गाडीची बॅटरी सारा वेळ चार्जच होत होती, हे लक्षात ठेवा. झाकण उघडून तिला पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या हवेत राहू द्या. आणि विदर्भातला उन्हाळा! पारा ४५ वर गेला की बॅटरीतले पाणी भराभर आटते, प्लेटा उघड्या पडतात आणि वर वायूला भरपूर जागा होते. मे महिन्यात पाणी न पाहता जोडलेली बॅटरी म्हणजे सल्फ्युरिक आम्लाचा सुतळी बॉम्ब. तिन्ही बॅटऱ्या गाडीतून काढून जमिनीवर, कामाच्या जागेपासून चार-पाच मीटर लांब, वाऱ्याच्या उगमाच्या बाजूला ठेवाव्यात. बॅटऱ्यांची आपसातली जोडणी आधी उरकायची. शेवटची जोडणी बॅटरीपाशी कधीच करायची नाही. ती अर्थच्या चिमट्याची, गाडीच्या लोखंडावर. पहिली ठिणगी तिथे उडाली तर उडू दे. हातातली अंगठी, कडे, घड्याळ उतरवून खिशात. ३६ व्होल्टचा झटका कोरड्या हाताला सहसा जाणवत नाही, पण त्याच ३६ व्होल्टमध्ये अडकलेली अंगठी बोटावरच लाल होते.

डोळ्यांबाबत मात्र तडजोड नाही. १० किंवा ११ नंबरची वेल्डिंगची काच नसेल तर काम करूच नये. उन्हाचे गॉगल, एक्स-रेची फिल्म, दोन गॉगल एकावर एक, यांचा काही भरवसा नाही. आर्कमधले अतिनील किरण डोळ्याच्या बाहेरच्या पडद्याला भाजतात आणि ते तेव्हा कळतही नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. दूध, बटाट्याचे काप, गुलाबपाणी असे उपाय प्रत्येक गॅरेजमध्ये सांगतात. त्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. आणखी एक, आडरानात गाडी थांबली की पोरे जमतात आणि टक लावून बघतात. त्यांना पाठ करून उभे करणे ही रॉड धरणाऱ्याची जबाबदारी.

आणि पाचोळा. फेब्रुवारीपासून सागाची पाने गळून जमीन पापडासारखी होते. देवलापारच्या पुढे पेंचच्या जंगलाला लागून गाडी थांबली असेल, तर एका ठिणगीने काय होऊ शकते हे इथल्या कोणाला सांगायला नको. राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वणवा विझवायला तुमच्याकडे असते काय? एक ओले पोते आणि पाण्याचा कॅन. चारही बाजूंनी दहा पावले जमीन खराट्याने नागवी करून घ्यावी आणि माती हाताशी ठेवावी.

आता काकांचे दुसरे वाक्य: टाका माराचा का नाई.

कमानीचा पाटा तुटला तर लोक सगळ्यात आधी वेल्डिंगचा विचार करतात, आणि नेमका तोच वेल्ड करू नये. पाट्याचे पोलाद जास्त कार्बनचे असते, मुद्दाम तापवून आणि विझवून त्याला लवचीकपणा दिलेला असतो. आर्कने तो तापतो आणि बाजूचे थंड लोखंड ती उष्णता झटकन ओढून घेते. सांध्याच्या कडेची पट्टी काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. जोड दिसायला सुरेख येतो आणि पहिल्याच खड्ड्यात त्याच्या शेजारून तुटतो. पाट्याला लाकडाची पट्टी लावून, वर साखळी किंवा यू-बोल्ट आवळून, भार उतरवून चालत्या माणसाच्या वेगाने गाडी काढणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

स्टिअरिंगचा कुठलाही दांडा, बॉल-जॉइंट, नकल, ब्रेकचा कुठलाही भाग: नाही. ट्रॉली ओढणारा हुक: नाही, कारण तो उतारावर तुटला तर ट्रॉली कोणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. टायर चढवलेली रिम: हवा सोडलेली असली तरी नाही. रिम तापली की आत रबर जळून वायू साचतो आणि टायर फुटून माणूस दगावतो.

डिझेलची टाकी सगळ्यात फसवी. "डिझेल काय पेट्रोल आहे का, भडकायला?" असे म्हणणारे भेटतात. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण तळाशी उरलेल्या थेंबांची तापून वाफ होते आणि बंद पिंपात ती हवेत नेमकी मिसळते. टाकीला बारीक चीर गेली असेल तर ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहेच: कपडे धुण्याचा साबण कोरडाच चिरेत घासून, दाबून बसवायचा. डिझेल साबणाला विरघळवत नाही. त्यावर शेकडो किलोमीटर गाड्या गेल्या आहेत आणि त्यात कोणाचा हात भाजलेला नाही.

ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियम या रॉडला दाद देत नाहीत, त्यांचा नाद सोडावा. चेसिसचे प्रकरण मधले आहे. बरेच निर्माते चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग करू देत नाहीत. भेग गेलीच असेल आणि गाडी हलवणे भागच असेल, तर काकांची पद्धत अशी: भेगेचे टोक शोधून तिथे बारीक भोक पाडायचे, म्हणजे भेग पुढे सरकत नाही, मग भेगेला कानशीने व्हीच्या आकाराची खाच करायची आणि ती भरायची. वर पट्टी लावलीच तर तिची टोके सरळ न ठेवता शंकरपाळ्यासारखी तिरकी, नाहीतर पट्टीच्या कडेलाच नवी भेग सुरू होते.

मग उरते काय? बरेच काही. सायलेन्सरची पट्टी, मडगार्डचा ब्रॅकेट, रेडिएटरचा आधार, बॅटरीचा ट्रे, कॅरियर, ट्रॉलीचा फाळका. तुटले तर गाडी अडते पण जोड पुन्हा तुटला तर जीव जात नाही, अशी कामे.

करायचे कसे, ते थोडक्यात. रंग, गंज, ग्रीस खरवडून लोखंड पांढरे करा. ब्रेक साफ करायचा स्प्रे मारून पुसू नका. काही स्प्रेंमध्ये क्लोरीनची द्रव्ये असतात आणि आर्कच्या उजेडात त्यांचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. झिंक चढवलेल्या पत्र्याचा पांढरा धूरही छातीत घेऊ नका. गाडीची स्वतःची बॅटरी तर आधीच काढली आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत कंट्रोल युनिटचे प्लगही सोडवा. अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी शेजारी लावा. तो पलीकडच्या चाकाजवळ लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि तिथे बारीक खड्डे पाडतो. रॉड प्लसला लावला तर वितळण खोल जाते. पत्रा पातळ असेल तर रॉड मायनसला. भंगारच्या तुकड्यावर एक रॉड वाया घालवून हात बसवून घ्या. मग बोटाच्या पेरभर टाका, थांबा, स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमलेली खपली, ठोकून काढा, पुढचा टाका. गरम जोडावर पाणी ओतू नका, कितीही घाई असली तरी.

पावसात रॉड ओला होतो आणि जोडात भोके पडतात. इंजिन गरम असताना रॉडचे पाकीट त्याच्यावर अर्धा तास ठेवले की तो बऱ्यापैकी सुकतो.

वारंवार अशा रस्त्यांवर जाणारे लोक आता चार-पाच किलोचे छोटे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि जनरेटर सोबत नेतात. बारा नंबरच्या रॉडसाठी जनरेटर साडेतीन-चार केव्हीएचा हवा. दिवे लावायचा एक-दोन केव्हीएचा कण्हत बंद पडतो. ज्यांच्या गाडीत एवढी जागा नाही त्यांनी काच, चामडी हातमोजे, रॉड धरायचा होल्डर, बारा नंबरचे दहा रॉड डबाबंद, लांब केबल आणि लोखंडी ब्रश एवढे सीटखाली टाकले तरी चालते. जाड तार, दोन-तीन यू-बोल्ट, रॅचेटचा पट्टा आणि साबण मात्र हवाच. दहातल्या सात वेळा तारेनेच काम भागते, असे काका सांगतात, आणि तारेला बॅटरी लागत नाही.

जोड बसल्यावर पहिल्या दोन किलोमीटरला उतरून बघायचे, मग दर दहा-पंधरा किलोमीटरला. जोडाच्या कडेने केसासारखी काळी रेघ दिसली तर तो सुटायला लागला आहे.

अशी गाडी वाडीत आली की काका आधी खडूने त्या टाक्याभोवती गोल काढतात, कारण मालक लोक घाईघाईने त्यावर रंग मारून घेतात आणि मग तो सापडत नाही. मग ग्राइंडर लावून जोड उडवतात, लोखंड पांढरे करतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. मागच्या पावसाळ्यात सिरोंच्याकडून आलेल्या एका जीपच्या ब्रॅकेटवर असाच बॅटरीचा टाका होता. काकांनी हातोडीने दोनदा ठोकून पाहिला, तिसऱ्यांदा जोरात ठोकला, तो सुटला नाही. "चांगला मारला बे कोणी तरी," असे म्हणाले, आणि ग्राइंडर सुरू केले.